आधी पाळ्या मोजा, मग वाण निवडा

फैजपूर, यावल, रावेर या पट्ट्यात गव्हाच्या वाट्याला येते ते केळीतून उरलेले पाणी. बाग वाळली तर वर्षाचा पैसा बुडतो, म्हणून मोटार आधी केळीकडे चालते आणि त्यात चुकीचे काही नाही. भूजलाच्या अतिउपशामुळे यावल आणि रावेर हे तालुके सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे नोंदले जात आहेत. असे असूनही दिवाळीच्या सुमारास बियाण्याच्या दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘एकरी किती उतरतो?’ हाच. किती पाण्यावर उतरतो, हे क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते तो प्रश्न आधी यायला हवा.

निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण पाहिले तर हे उघड दिसते. ‘त्र्यंबक’ भरपूर ओलिताचा, वेळेवर पेरायचा वाण आहे. पुरेशा पाळ्या मिळाल्या की तो हेक्टरी 40 ते 45 क्विंटल देतो. ‘नेत्रावती’ जिरायतीत 18 ते 20 क्विंटल देतो, पण योग्य वेळी एकच पाणी मिळाले तर 27 ते 30 क्विंटलपर्यंत जातो. ‘फुले सात्विक’ हाही मर्यादित पाण्यासाठीच शिफारस केलेला आहे. रवा-शेवयांचा बन्सी प्रकारातला ‘पंचवटी’ तर निव्वळ जमिनीतल्या ओलीवर 12 ते 15 क्विंटल देतो. यांपैकी कोणताही वाण दुसऱ्यापेक्षा कमी प्रतीचा नाही. प्रत्येकाचे पाणी वेगळे आहे, एवढेच.

पाणी कमी पडले की गव्हाच्या रोपात काय होते, हे कळले तर पाळी केव्हा द्यायची हेही कळते. पेरणीनंतर 20-22 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी जमिनीचा वरचा थर कोरडा असेल तर मुळे धरत नाहीत आणि फुटवेही कमी येतात. 40-42 दिवसांनी कांडी धरते आणि आत ओंबी घडत असते. इथे ताण पडला तर आलेले फुटवे रोप स्वतःच सोडून देते. 60-65 दिवसांनी फुलोऱ्यात ताण बसला तर परागीभवन बिघडून ओंबीतली घरे रिकामी राहतात. पुढे दाणा चिकात असताना पाणी तुटले आणि त्यातच फेब्रुवारीअखेरचे खानदेशी ऊन आले, तर दाणा सुरकुततो.

म्हणून कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे: एकच पाणी असेल तर ते 40-42 दिवसांनी द्या, दोन असतील तर 20-22 आणि 60-65 दिवसांनी, तीन असतील तर तिन्ही वेळा. पुरेशा ओलिताच्या तुलनेत एका पाण्यावर उत्पादन सुमारे 41 टक्क्यांनी घटते, दोन पाण्यांवर 20 टक्क्यांनी. हाच आकडा उलट बाजूने वाचा. एका पाळीवर निम्म्याहून जास्त पीक हाती लागते. मात्र हा हिशेब तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरमाड रानात ओल टिकत नाही. तिथे हरभऱ्याचा विचार करणे शहाणपणाचे.

कमी पाण्यावरचा वाण टिकतो तो मुख्यतः खोल मुळांवर आणि लवकर पक्व होण्यावर. उन्हाळी झळा लागण्याआधी तो दाणा भरून घेतो, आणि पाने सुकू लागली तरी खोडात साठवलेली साखर दाण्याकडे वळवतो. खालच्या थरातली ओल किती मोलाची असते, याचा एक दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. तिथल्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुलोऱ्यानंतर खोलवरून मिळालेल्या दर मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी सुमारे 59 किलो जादा दाणे मिळाले. आरंभी फाजील वाढ करून ती ओल संपवणारे पीक नेमके याच वेळी उपाशी राहते. कोरडवाहू पिकाला नत्र बेताने द्यायचे ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हरितक्रांतीच्या बुटक्या वाणांचा कोंब जमिनीतून वर येताना आखूड राहतो. वरची माती सुकलेली, ओल खाली गेलेली अशा वेळी तिफणीने खोल पेरलेले असे बी पुष्कळदा उगवूनच येत नाही. आपल्या आजोबांचा उंच गहू त्या खोलीतून वर यायचा. तेव्हा जिरायत पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ओल हाताशी असतानाच उरकली पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. बियाण्याच्या पिशवीवर उत्पादनाच्या आकड्याशेजारी पाळ्यांची संख्या छापणे बंधनकारक करावे. पालच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि कृषी विभागाने फैजपूर परिसरातल्या शेतांवर एकाच वाणाचे तीन तुकडे घ्यावेत, एक, दोन आणि तीन पाण्यांचे, आणि मार्चमध्ये मळणी शेतकऱ्यांसमोर करून वजन तिथेच सांगावे. येत्या रब्बीत हे झाले, तर पुढच्या दिवाळीत दुकानातला प्रश्न बदललेला असेल.