सीमेचा भार आणि सेनापतीचा अधिकार

पुण्याच्या लष्कर भागातून रोज ये-जा करणाऱ्या नागरिकाची दक्षिण कमांडच्या मुख्यालयाशी असलेली ओळख पाट्या, पहारेकरी आणि जुन्या दगडी इमारती यांच्यापलीकडे सहसा जात नाही. सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या जैसलमेर-बारमेरच्या वाळवंटाची आणि कच्छच्या रणाची जबाबदारी याच मुख्यालयाकडे आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. सीमा कोठे, सैन्य कोठे आणि त्यांचा सेनापती कोठे, या तीन बाबींची सांगड कशी घालावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ लष्करी तज्ज्ञांचा वाटतो. परंतु या सांगडीत झालेल्या चुकीची किंमत साऱ्या देशाला मोजावी लागते. म्हणूनच, भूदल, हवाई दल व नौदल यांच्या निरनिराळ्या कमांड मोडून संयुक्त ‘थिएटर कमांड’ उभारण्याचा जो विचार गेली काही वर्षे चालू आहे, त्याकडे सामान्य नागरिकानेही लक्ष देणे अगत्याचे आहे.

भारतीय भूदलाच्या एकूण सात कमांड आहेत. उत्तर कमांड उधमपूरला, पश्चिम चंडीमंदिरला, नैर्ऋत्य जयपूरला, दक्षिण पुण्याला, मध्य लखनौला आणि पूर्व कोलकात्याला. सातवी, प्रशिक्षणाची, शिमल्याला. प्रत्येकीचा प्रमुख लेफ्टनंट जनरल दर्जाचा असतो. त्याच्या हाताखाली कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड अशी लढणाऱ्या दलांची उतरंड असते. तिच्याच शेजारी दुसरीही एक उतरंड असते, ती ‘एरिया’ आणि ‘सब-एरिया’ यांची. लष्कराच्या जमिनी, निवासस्थाने, मुलकी शासनाला द्यावयाची मदत ही सारी कामे या दुसऱ्या उतरंडीकडे. तात्पर्य, कमांडचा प्रमुख एका अंगाने रणांगणावरचा सेनापती असतो, तर दुसऱ्या अंगाने एका विस्तीर्ण मुलखाचा कारभारी असतो. ही दुहेरी भूमिका नीट समजल्याखेरीज प्रस्तावित फेररचनेचे गुणदोष कळणार नाहीत.

या रचनेचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांच्या तीन स्वतंत्र फौजा होत्या आणि प्रत्येकीला निराळा सरसेनापती होता. १८९५ साली त्या एकत्र करून पंजाब, बंगाल, मद्रास व मुंबई अशा चार कमांड करण्यात आल्या. वायव्येकडून होऊ शकणारे आक्रमण आणि देशातील प्रजेचा बंदोबस्त, ही त्या आखणीमागची दोन मुख्य प्रयोजने होती. स्वातंत्र्यानंतर प्रयोजने बदलली, शत्रू बदलले, सीमाही नव्या झाल्या. चौकट मात्र पुष्कळशी जुनीच राहिली आणि तिच्यातील फेरफार गरज पडेल तसतसे होत गेले.

युद्धानंतरचे शहाणपण

ही गरज बहुधा युद्धातच उघडी पडली, असे इतिहास सांगतो. १९६२ साली पूर्व कमांडचे मुख्यालय लखनौला होते. तेथून तेजपूरचे हवाई अंतर हजार किलोमीटरहून अधिक, आणि तवांगचे डोंगर त्याच्याही पलीकडे. या कमांडचे १९६१ पर्यंतचे प्रमुख लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरात हे कोल्हापूरकडचे. चीनकडून संभवणाऱ्या धोक्याचा सविस्तर अंदाज त्यांनी वरिष्ठांकडे धाडला होता आणि १९६० साली ‘लाल किल्ला’ या नावाने एक सरावही घेतला होता. त्या इशाऱ्याची योग्य ती दखल घेतली गेली नाही. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये तेजपूरला घाईघाईने नवी कोअर उभारण्यात आली आणि तिचे प्रमुख दिल्लीशी परस्पर व्यवहार करू लागले. कमांडचे मुख्यालय नावापुरते मधे राहिले. जबाबदारी एकाची, निर्णय दुसऱ्याचा आणि रक्त तिसऱ्याचे, अशी ती स्थिती होती. पराभवानंतर मे १९६३ मध्ये लखनौला वेगळी मध्य कमांड स्थापन झाली आणि पूर्व कमांड कलकत्त्याला गेली. त्याच कलकत्त्याहून, एका सेनापतीच्या हाती एकच लक्ष्य सोपवून, १९७१ ची पूर्वेकडील मोहीम लढली गेली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. आठ वर्षांपूर्वीच्या फेररचनेचे श्रेय या विजयात किती, याचे नेमके माप काढता येणार नाही. पण ते श्रेय शून्य खचितच नव्हते.

पश्चिमेकडेही हेच घडले. १९६५ साली लडाखपासून पंजाबपर्यंतची अवाढव्य आघाडी एकट्या पश्चिम कमांडकडे होती. काश्मीरच्या पर्वतात आणि पंजाबच्या मैदानात एकाच सेनापतीने एकाच वेळी लक्ष घालावे, ही अपेक्षाच अवास्तव होती. १९७१ चे युद्ध आटोपल्यावर १९७२ मध्ये उधमपूरला उत्तर कमांड निघाली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. त्यानंतर सैन्य सीमेवर नेऊन उभे करण्यास कित्येक आठवडे लागले, आणि २००५ मध्ये जयपूरला नैर्ऋत्य कमांड आली. प्रत्येक वेळी नकाशावरची रेघ बदलली खरी, परंतु ती मागच्या प्रसंगाच्या अनुभवाने बदलली. एवढ्या महागड्या शाळेत पुन्हा पुन्हा नाव घालण्याचे कारण काय, हा प्रश्न म्हणूनच विचारावासा वाटतो.

पुण्याच्या दक्षिण कमांडचा अनुभव मात्र वेगळा धडा देतो. १९४८ ची हैदराबादची पोलीस कारवाई आणि १९६१ ची गोवामुक्ती या दोन्ही मोहिमा या कमांडने पार पाडल्या. गोव्याच्या वेळी भूदल बेळगावकडून पुढे सरकले, विमाने पुणे व सांबरा येथून उडाली आणि नौदलाने अंजदीव व मार्मागोव्याकडील बाजू सांभाळली. तिन्ही दलांचा मेळ जमला, कारण लक्ष्य लहान व स्पष्ट होते आणि शत्रू दुबळा होता. १९७१ मध्ये लेफ्टनंट जनरल गो. गु. बेवूर यांच्या अधिपत्याखालील याच कमांडच्या क्षेत्रात लोंगेवालाची प्रसिद्ध झुंज झाली. तेथे मूठभर जवानांनी रात्रभर ठाणे धरून ठेवले आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी शत्रूचे रणगाडे टिपले. जमिनीवरची चिकाटी आणि आकाशातून आलेली मदत, यांतील एक जरी उणी पडती तरी निकाल कदाचित निराळा लागता. अशी सांगड प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांच्या आपसांतील सलोख्यावर सोपवून निर्धास्त राहता येईल काय?

तीन दलांचे तीन नकाशे

आजची अडचण नेमकी येथे आहे. भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांड देशात आहेत आणि त्यांचे नकाशे परस्परांशी जुळत नाहीत. पुण्याच्या भूदल सेनापतीला विमानांसाठी गांधीनगरशी बोलावे लागते, तर युद्धनौकांसाठी मुंबईशी. चीनलगतची सीमा उत्तर, मध्य व पूर्व अशा भूदलाच्या किमान तीन कमांडमध्ये वाटली गेली आहे. तिच्यावरील आकाश दिल्ली, प्रयागराज व शिलाँग येथील हवाई कमांडकडे आहे. याउलट चीनने १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपले सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांड केल्या आणि भारताकडची सारी बाजू चेंगडू येथील एका सेनापतीच्या हाती दिली. पलीकडे एक डोके आणि अलीकडे अर्धा डझन, हे चित्र निश्चिंत करणारे नाही.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारगिलनंतर २००१ मध्ये अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड झाली. २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीने संयुक्त कमांडचा पुरस्कार केला. १ जानेवारी २०२० पासून संरक्षण दलप्रमुख हे पद अस्तित्वात आले. तिन्ही दलांचे शिस्तविषयक कायदे वेगवेगळे असल्याने एका दलाच्या सेनापतीला दुसऱ्या दलाच्या सैनिकावर शिस्तीचा अधिकार चालवता येत नसे. ही उणीव संसदेने २०२३ च्या कायद्याने दूर केली आणि तो १० मे २०२४ पासून अमलात आला. पाकिस्तानकडील सीमेसाठी एक, चीनकडील सीमेसाठी एक आणि सागरी क्षेत्रासाठी एक, असा स्थूल आराखडा चर्चेत आला.

अपुऱ्या साधनांची वाटणी

यावर सर्वांत वजनदार आक्षेप हवाई दलातून घेतला गेला आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन पटणारा आहे. हवाई दलाला ४२ लढाऊ स्क्वाड्रन मंजूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ विमाने निवृत्त झाली तेव्हा प्रत्यक्षातील संख्या तिशीच्या घरात होती. साधन जितके दुर्मीळ तितकी त्याची कायम वाटणी घातक. विमान सकाळी राजस्थानात आणि सायंकाळी आसामात लढू शकते, हेच त्याचे सामर्थ्य. ते एका सेनापतीच्या नावावर बांधून टाकले, तर एका आघाडीवर विमाने रिकामी उभी राहतील आणि दुसरीवर त्यांच्यावाचून माणसे मरतील.

आक्षेप खरा आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष फेररचना नकोच, असा होत नाही. दुर्मीळ साधनाचा काही भाग आघाडीवरच्या सेनापतीकडे नित्यासाठी असावा आणि मोठा भाग मध्यवर्ती राखीव असावा. तो कोणाला, केव्हा व कोणाच्या हुकमाने मिळणार, हे आगाऊ लेखी ठरलेले असावे. हा वाद ऐन युद्धाच्या रात्री दूरध्वनीवरून सोडवण्याचा नव्हे. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’चा मुख्य संघर्ष अवघ्या चार दिवसांत आटोपला. पुढच्या संघर्षातही सल्लामसलतीला फार अवधी मिळेल, अशी आशा कोणी बाळगू नये.

कमांडची संख्या घटल्याने मोठी काटकसर होईल, हा फेररचनेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवादही तपासून घ्यावयास हवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी होते. एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे काही मुख्यालयांचा खर्च नगण्य ठरेल. फेररचनेची खरी मिळकत पैशात मोजण्यासारखी नाही. ती निर्णयाच्या वेगात आणि जबाबदारीच्या स्पष्टतेत आहे.

मुलखाचा कारभार

या चर्चेत एका गोष्टीची मात्र पुरेशी दखल घेतली जात नाही. ती म्हणजे कमांडच्या दुसऱ्या अंगाची, मुलखाच्या कारभाराची. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, २००१ मध्ये भूज उद्ध्वस्त झाले, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पुरात बुडाले. या प्रत्येक वेळी लष्कराच्या तुकड्या धावून आल्या. देहूरोड आणि पुलगाव येथील भांडारे, छावण्यांच्या जमिनी, कटक मंडळांचे प्रश्न, माजी सैनिकांच्या अडचणी, ही सर्व कामे लढाई नसतानाही रोज चालू असतात. सीमेवर दृष्टी ठेवणाऱ्या थिएटर सेनापतीच्या गळ्यात हा संसार घातला, तर त्याचे अर्धे लक्ष फायलींत अडकेल. उलट हे काम कोणाचेच नाही असे झाले, तर पुढच्या महापुरात जिल्हाधिकाऱ्याने लष्करातील कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न उभा राहील. यासाठी ‘एरिया’ व ‘सब-एरिया’ यांची उतरंड ज्या त्या दलाच्या मुख्यालयाकडे ठेवून थिएटर सेनापतीला केवळ युद्धाची सिद्धता आणि युद्ध एवढेच सोपवणे श्रेयस्कर ठरेल.

अंदमानच्या संयुक्त कमांडला दीर्घकाळ पुरेशी साधने मिळाली नाहीत, असे अनेक संरक्षण अभ्यासक सांगत आले आहेत. हा अनुभव विसरता कामा नये. पद निर्माण करायचे आणि साधने जुन्या मालकांकडेच ठेवायची, ही आपल्या प्रशासनाची जुनी खोड आहे. पंचायतीपासून विद्यापीठापर्यंत तिचे दाखले ठायी ठायी सापडतात. कचेरीत तिच्यामुळे काम रेंगाळते, सीमेवर तिच्यापायी ठाणी जातात.

नवी पाटी कोणत्या शहरात लागते आणि कोणत्या दलाचा अधिकारी तेथे बसतो, यावर फेररचनेचे यश ठरणार नाही. ज्याच्यावर सीमेचा भार, त्याच्याच हाती त्या भाराला पुरेसा अधिकार, आणि चूक झाल्यास उत्तरही त्यानेच द्यावयाचे, एवढी साधी कसोटी तिला लावली पाहिजे. १९६३, १९७२ आणि २००५ या तीनही फेरआखण्या रक्त सांडल्यावर झाल्या. येणारी फेरआखणी तरी ते सांडण्यापूर्वी व्हावी, एवढी अपेक्षा देशाने बाळगली तर ती वावगी ठरू नये.