‘पेनिसिलिन चालत नाही’ : न तपासलेल्या एका नोंदीची किंमत

रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘ॲलर्जी’ नावाचा एक लहानसा रकाना असतो. दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत तो भरायला काही सेकंदच मिळतात. रुग्ण सांगतो, ‘लहानपणी पेनिसिलिन दिल्यावर काहीतरी झाले होते, असे आई म्हणत असे.’ रकान्यात ‘पेनिसिलिन’ हा एकच शब्द उमटतो आणि आयुष्यभर रुग्णाची पाठ सोडत नाही. नेमके काय झाले, औषध घेतल्यावर किती वेळाने झाले, त्यास किती वर्षे लोटली, यांतले काहीच लिहिले जात नाही. मोजमाप न करता केलेली ही नोंद आहे; तरीही पुढचे सारे उपचार तिच्या आधारे ठरतात.

या नोंदी कितपत खऱ्या असतात, याचा अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांत झाला आहे. तेथे साधारण दहा टक्के लोक आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगतात. त्यांची रीतसर तपासणी केली असता नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ते औषध निर्धोक ठरते. कित्येकांना ॲलर्जी कधी नव्हतीच: विषाणुजन्य तापात मुलाच्या अंगावर पुरळ उठले, त्याच वेळी अमोक्सिसिलिन चालू होते, आणि दोष औषधाच्या माथी आला. मळमळ किंवा जुलाब हे दुष्परिणाम आहेत, ॲलर्जी नव्हे. पण तेही याच रकान्यात जाऊन बसतात. उरलेल्यांपैकी अनेकांची ॲलर्जी काळाबरोबर ओसरलेली असते. तात्काळ स्वरूपाची प्रतिक्रिया आलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांची संवेदनशीलता, औषध पुन्हा न घेतल्यास, दहा वर्षांत नाहीशी होते. केसपेपरवरील शब्द मात्र ओसरत नाही.

याचा अर्थ ही ॲलर्जी काल्पनिक आहे असा नाही. पेनिसिलिनचा रेणू स्वतः इतका लहान असतो की प्रतिकारसंस्थेच्या तो सहसा नजरेस येत नाही. त्यातील बीटा-लॅक्टम वलय उघडते, ते शरीरातील प्रथिनांना जाऊन चिकटते आणि या जोडरचनेला प्रतिकारसंस्था परकी समजते. काही जणांत तिच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या वेळी औषध शरीरात येताच मास्ट पेशींमधून हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. बहुधा तासाभरातच अंगावर गांधी उठतात, ओठ व चेहरा सुजतो, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. हीच ॲनाफिलॅक्सिस. ही संज्ञा शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी 1902 मध्ये रूढ केली. रिशे यांना त्या संशोधनासाठी 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रकार उशिरा येणारा. औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी अंगभर साधे पुरळ येते आणि औषध थांबवल्यावर मावळते. पण ताप, तोंडातील व डोळ्यांतील व्रण, सोलवटणारी त्वचा, सुजलेला चेहरा किंवा यकृतावरील परिणाम ही लक्षणे सोबत असतील, तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम किंवा ड्रेस यांसारखा जिवावर बेतणारा विकार असू शकतो. अशा रुग्णास ते औषध पुन्हा देऊन पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये जीव वाचवणारे पहिले औषध म्हणजे ॲड्रेनलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यभागी, स्नायूत दिले जाते, प्रौढांसाठी 0.5 मिलिग्रॅम, लहान मुलांसाठी किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. अँटिहिस्टामीन व स्टिरॉइड यांचे स्थान त्यानंतरचे आहे. ॲड्रेनलिनची कुपी स्वस्त असते. महाग पडतो तो तिच्याकडे हात जाण्यास झालेला विलंब. जिथे प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते, त्या प्रत्येक खोलीत ही कुपी हाताशी असायला हवी.

भारतातील अनेक रुग्णालयांत मात्र सुरक्षिततेचा भार वेगळ्याच गोष्टीवर टाकलेला दिसतो. प्रतिजैविकाच्या चिठ्ठीवर ‘एएसटी’ ही अक्षरे लिहिली जातात, परिचारिका हाताच्या त्वचेत औषधाचा एक थेंब टोचते, काही मिनिटे वाट पाहते आणि ‘टेस्ट डोस’ झाला म्हणून पूर्ण मात्रा देते. रुग्णाला पूर्वी कधी त्रास झाला होता की नाही, याचा येथे संबंधच राहत नाही.

या पद्धतीचा दोष साध्या गणिताने उमगतो. उदाहरणादाखल असे मानू की पूर्वेतिहास नसलेल्या दहा हजार लोकांत खरी ॲलर्जी असलेले पाच जण आहेत आणि चाचणी शंभरातल्या तिघांना चुकीने होकार देते. मग खरे होकार फार तर पाच आणि खोटे होकार सुमारे तीनशे! जी घटना मुळातच विरळ आहे तिच्यासाठी सरसकट चाचणी लावली, की चाचणी माहितीपेक्षा गोंगाटच अधिक निर्माण करते. त्यातच त्वचेत टोचलेल्या औषधाची तीव्रता प्रमाणित नसेल, तर नुसत्या दाहामुळेही लाली येते. उलट बाजूने, पेनिसिलिनच्या विघटनातून बनणाऱ्या घटकांची ॲलर्जी असणारा रुग्ण मूळ औषधाच्या थेंबाला प्रतिसाद न देताही पुढे गंभीर होऊ शकतो. त्या घटकांचे प्रमाणित अभिकर्मक भारतातील सामान्य रुग्णालयांत क्वचितच आढळतात. म्हणजे होकारावर विसंबता येत नाही आणि नकारावरही नाही.

यापेक्षा चांगला मार्ग उपलब्ध आहे आणि त्याची सुरुवात प्रश्नांपासून होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘पेन-फास्ट’ ही गुणपद्धती तीनच गोष्टी विचारते. प्रतिक्रिया गेल्या पाच वर्षांतली असल्यास दोन गुण. ॲनाफिलॅक्सिस, चेहऱ्याची सूज किंवा त्वचेचा गंभीर विकार असल्यास दोन. उपचार घ्यावे लागले असल्यास एक. बेरीज तीनपेक्षा कमी असल्यास धोका अल्प मानला जातो. अशा अल्प धोक्याच्या प्रौढांना वैद्यकीय देखरेखीखाली थेट तोंडावाटे पेनिसिलिन देऊन पाहावे की आधी त्वचाचाचणी करावी, याची तुलना ‘पॅलेस’ या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत करण्यात आली. दोन्ही गटांत प्रत्येकी एकाच रुग्णाला ॲलर्जिक प्रतिक्रिया आली. गुण अधिक असणाऱ्यांसाठी मात्र तज्ज्ञाकडील त्वचाचाचणी आवश्यकच आहे. ॲलर्जी खरीच असेल आणि पेनिसिलिनला पर्याय नसेल, उदाहरणार्थ गरोदरपणातील सिफिलिसमध्ये, तर अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने औषध देऊन शरीराला ते तात्पुरते सहन करायला लावता येते.

हे सारे करण्याची एवढी निकड का, असा प्रश्न विचारला जाईल. दुसरे प्रतिजैविक देऊन प्रश्न मिटत नाही का? मिटत नाही. ब्रिटनमधील रुग्णनोंदींवर आधारित 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात पेनिसिलिन ॲलर्जीची नोंद असलेल्यांत एमआरएसए या प्रतिरोधी जिवाणूचा धोका 69 टक्क्यांनी आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा 26 टक्क्यांनी अधिक आढळला. कारण उघड आहे. साधे, नेमके औषध बाद झाले की अधिक व्यापक औषध हाती घेतले जाते. भारतात तर व्यापक प्रतिजैविकांचा वापर आधीच चिंताजनक आहे. प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धच्या राष्ट्रीय कृती आराखड्याची घोषणा 2017 मध्ये दिल्लीतून झाली; पण केसपेपरवरचा तो रकाना जसा होता तसाच आहे.

संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 1,790 रुग्णांना दिलेल्या 32,430 इंजेक्शनांमध्ये ॲनाफिलॅक्सिसचे चार प्रसंग घडले, त्यांत एक मृत्यू झाला. धोका आहे, पण तो दहा हजार इंजेक्शनांमागे साधारण एक इतका. भीतीपोटी इंजेक्शन नाकारलेल्या मुलाची झडप मात्र प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर झिजत जाते, आणि त्या हानीची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. स्वस्त पेनिसिलिन सर्वांना मिळावे म्हणून 1954 मध्ये पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हातभार लावला. एवढ्या कष्टाने देशात आणलेले औषध एका अर्धवट आठवणीवर सोडून देणे परवडणारे नाही.

नोंदी सुधारण्याची यंत्रणा दिल्लीच्या उंबरठ्यावरच आहे. भारताचा औषधसुरक्षा देखरेख कार्यक्रम 2010 मध्ये एम्समधून सुरू झाला आणि 2011 पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकामुळे ड्रेस हा विकार होऊ शकतो, हा इशारा नोव्हेंबर 2023 मध्ये याच आयोगाने दिला होता. येथे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते आणि स्वतः रुग्णही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर प्रतिक्रिया कळवू शकतात. कळवलेली प्रत्येक घटना राष्ट्रीय संचितात भर घालते; न कळवलेली घटना कुटुंबाची दंतकथा होऊन राहते.

डॉक्टरांची अडचण खोटी नाही. गर्दी प्रचंड आहे, ॲलर्जीतज्ज्ञ थोडे आहेत, आणि एखादा रुग्ण दगावल्यास ‘टेस्ट का केली नाही’ असे विचारणारे नातेवाईक दारात उभे असतात. म्हणूनच हा भार एकट्या डॉक्टरवर न टाकता वैद्यकीय महाविद्यालयांनी व मोठ्या रुग्णालयांनी ॲलर्जी-पडताळणीचे ठरावीक दिवस सुरू करावेत, लेखी कार्यपद्धती घालून द्यावी, आणि आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील आरोग्यनोंदींत ‘ॲलर्जी’समोर एका शब्दाऐवजी पाच तपशील मागितले जावेत: औषधाचे नाव, लक्षणे, औषध घेतल्यापासूनचा वेळ, वर्ष आणि घ्यावे लागलेले उपचार. पडताळणीत ॲलर्जी नसल्याचे सिद्ध झाले तर जुनी नोंद खोडण्याची सोयही हवी.

रुग्णांनी घरी औषध घेऊन स्वतःवर प्रयोग करू नये. प्रतिक्रिया आलीच तर पुरळाचे छायाचित्र काढावे, गोळ्यांची पट्टी जपून ठेवावी, वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांकडून प्रतिक्रियेचे वर्णन कागदावर घ्यावे. ज्यांच्या घरात ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असे वर्षानुवर्षे म्हटले जाते, त्यांनी आजारपण येण्याची वाट न पाहता, प्रकृती ठीक असतानाच डॉक्टरांना ही नोंद तपासून पाहण्यास सांगावे. न्यूमोनियाच्या रात्री तपासणीला सवड नसते.