पाणवनस्पतीची ओळख चुकली, की उपायही चुकतो

विशेष प्रतिनिधी

पुणे - उन्हाळ्याची चाहूल लागली, की पुण्यातील मुळा-मुठा आणि पिंपरी-चिंचवडमधील पवना या नद्यांवर हिरवा थर पसरतो. मग डासांच्या तक्रारी, महापालिकेच्या सभेतील गदारोळ आणि ती काढण्याच्या निविदा हे चक्र सुरू होते. पाण्यावर तरंगणारे जे हिरवे दिसेल ते 'जलपर्णी', असा सर्वसाधारण समज आहे. मात्र, वनस्पती नेमकी कोणती आणि तिचे मूळ स्थान कोणते, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राच्या वर्गापुरता मर्यादित नाही. तिच्या नियंत्रणाचे यशापयश त्यावर अवलंबून असते. 'साल्व्हिनिया' या तरंगत्या नेच्याचा इतिहास त्याची साक्ष देतो.

आफ्रिकेतील झांबेझी नदीवर करिबा धरण बांधल्यानंतर तेथील जलाशयात हा नेचा झपाट्याने फैलावला. १९६२ मध्ये त्याने सुमारे एक हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जलाशयाचा जवळपास पाचवा हिस्सा व्यापला होता. तो दक्षिण अमेरिकेतील 'साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा' असावा, असे तज्ज्ञांनी त्या वेळी गृहीत धरले. हा गैरसमज अस्वाभाविक नव्हता. या गटातील चारही जातींच्या पानांवर सारखेच केस असतात. प्रत्येक देठावरील चार केस टोकाशी पुन्हा जुळून त्यांचा इवलासा पिंजरा तयार होतो.

गृहीतक चुकले आणि पुढचा शोधही भरकटला. ऑरिक्युलाटा जेथे आढळतो, त्या त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातून त्याचे नैसर्गिक शत्रू गोळा करण्यात आले. तेथील सोंड्या भुंगा, नाकतोडा आणि पतंग विविध देशांत सोडण्यात आले. परंतु समाधानकारक यश मिळाले नाही.

१९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी ही जात स्वतंत्र असल्याचे दाखवून तिला 'साल्व्हिनिया मोलेस्टा' हे नाव दिले. तिचे बीजाणू वांझ असतात. तुटलेल्या तुकड्यांतूनच ती वाढते आणि अनुकूल स्थितीत दोन-तीन दिवसांत दुप्पट होऊ शकते. तिचे मूळ स्थान सापडायला १९७८ साल उजाडले. ते आग्नेय ब्राझीलमध्ये निघाले. तेथील सोंड्या भुंगा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या मूंडारा तलावात सोडण्यात आला आणि १९८१ मध्ये तो तलाव जवळपास मोकळा झाला. विशेष म्हणजे हा भुंगाही आधी वापरलेल्या जातीचाच मानला जात होता. तो वेगळा असल्याचे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. एकाच प्रकरणात वनस्पती आणि कीटक, दोघांचीही ओळख चुकली होती!

केरळचा अनुभव

भारतात या नेच्याचा सर्वाधिक फटका केरळला बसला. तेथील कालवे, भातशेती आणि जलवाहतूक त्याने जेरीस आणली. लोक त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणत. म्हणजे प्रचलित नावानेही चुकीच्याच खंडाकडे बोट दाखवले. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या भुंग्याची १९८३-८४ मध्ये बंगळूरच्या एका तळ्यात चाचणी झाली आणि पुढे केरळमध्ये तो वापरण्यात आला. अलीकडे महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या सातपुडा जलाशयातही जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने हाच मार्ग अवलंबला. जगातील शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत या नेच्याचा २०१३ मध्ये समावेश झाला.

आपल्या नद्यांचे काय?

जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची जलपर्णी ही साल्व्हिनियाहून सर्वस्वी वेगळी आहे. तीही मूळची दक्षिण अमेरिकेतील, ॲमेझॉन खोऱ्यातील. शोभेची वनस्पती म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. साल्व्हिनियाचा भुंगा तिला उपयोगाचा नाही. तिच्यावर जगणारे सोंड्या भुंगे वेगळे आहेत आणि तेही १९८० च्या दशकात भारतात आणले गेले.

अर्थात, भुंगा म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्याची संख्या वाढण्यास वेळ लागतो. यंत्राने वनस्पती उपसली वा तणनाशक फवारले, तर भुंग्यांचा आसराच नाहीसा होतो. शिवाय नदीत सांडपाणी मिसळत राहिले, तर जलपर्णीला खुराक मिळतच राहतो. त्यामुळे सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याला पर्याय नाही.

तरीही पहिली पायरी स्वस्त आणि सोपी आहे. निविदा काढण्यापूर्वी पाण्यावरील वनस्पतीचे नमुने घेऊन ती तज्ज्ञांकडून ओळखून घेणे आणि कोणती जात कोठे आहे, याची दरवर्षी नोंद ठेवणे हे कोणत्याही महापालिकेला अशक्य नाही. शोभेच्या तळ्यासाठी वा मत्स्यालयासाठी आणलेली वनस्पती नदीत टाकू नये, एवढे पथ्य नागरिकांनीही पाळायला हवे. करिबातील एका चुकीच्या नावाने जगाची अनेक वर्षे वाया घालवली. तो धडा गिरवण्यासाठी आपल्या नद्यांना तेवढा वेळ उरलेला नाही.