आधी ब्लॉक हीटर, मग रिमोट

कॅनडातल्या एडमंटनला नव्याने आलेला आपला माणूस पहिली गाडी घेताना काही प्रश्न हमखास विचारतो. किती चालली आहे, ॲव्हरेज किती देते, सनरूफ आहे का, रिमोट स्टार्टर आहे का. बॉनेटमधून प्लगची वायर बाहेर आली आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा, आणि उत्तर 'नाही' असं आलं तर विंटर टायर सोडून बाकी कशावरही खर्च करण्याआधी ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर उबदार ठेवणारा हीटर, बसवून घ्यावा. अल्बर्टात विकलेल्या गाड्यांना तो बहुतेक वेळा असतो. पण स्वस्त पडते म्हणून टोरांटोहून किंवा व्हॅन्कुव्हरहून आणलेल्या जुन्या गाडीला तो असेलच याचा भरवसा नाही, आणि आपली मुलं नेमक्या त्याच गाड्या घेतात.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याकडचा एक मुलगा गेल्या हिवाळ्यात मला म्हणाला, "काका, गाडी २०२१ची आहे हो. तिला कशाला शेगडी?" मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही, चोक ओढावा लागत नाही, सिंथेटिक ऑइल पातळ असतं. उणे २० अंशांत चांगली बॅटरी असलेली नवी गाडी प्लग न लावताही सुरू होते, हे मीही मान्य करतो. माझा आक्षेप पुढच्या पंधरा मिनिटांबद्दल आहे.

शहाद्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, तसंच काहीसं इंजिन ऑइलचं इथे होतं. ते गोठत नाही, पण दाट होतं आणि वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लावतं. तेवढा वेळ धातू धातूवर जवळजवळ कोरडा फिरतो. डब्यावर ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ. दुसरीकडे उणे १८ अंशांच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. बॅटरीवर सीसीए (थंडीत इंजिन फिरवण्याची ताकद) म्हणून जो आकडा छापतात तो याच तापमानाला मोजलेला असतो. म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो त्याच सकाळी बॅटरी हात आखडते. पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, आणि त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. घर ते एलआरटी स्टेशन एवढाच रोजचा फेरा असेल तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आणि ते पेट्रोल व पाणी ऑइलमध्येच राहतं.

आपल्याकडे थंडी नसते असं कोणी समजू नये. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-मोलगी भागात, पहाटेचं दव गोठल्याच्या बातम्या डिसेंबर-जानेवारीत छापून येतात. तोरणमाळची सकाळ ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. धडगावकडच्या रस्त्यावर जुन्या जीपवाल्यांची त्यावर तोड ठरलेली असायची. रात्री गाडी उतारावर लावायची, चाकाखाली दगड ठेवायचा, सकाळी दगड काढून दुसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. डिझेल गाडी असेल तर चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. जुन्या ट्रॅक्टरला हवेच्या नळीशी पेटता बोळा धरलेलाही मी पाहिला आहे. पाच-सात अंशांच्या थंडीला हे पुरतं, कारण तिथे इंजिनाला फक्त पहिला धक्का हवा असतो. इथे प्रेअरीत मुळात उतार नाही, ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, आणि डिझेलचा तो हीटर फक्त सिलिंडरच्या आतली जागा तापवतो, ऑइलला त्याचा काही उपयोग नाही. पेटता बोळा आणि इंजिनावर उकळतं पाणी ओतणं, हे दोन्ही उद्योग कृपा करून इथे करू नका. पाणी मिनिटभरात गोठतं आणि गार लोखंडाला तडा जाऊ शकतो. (डिझेलवाल्यांसाठी आणखी एक: इंधनच घट्ट झालं तर ब्लॉक हीटरही काही करू शकत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल काढलं ते यासाठीच. इथेही पंपावर हिवाळी डिझेलच भरा.)

इंजिन सुरू करण्याआधी त्याला ऊब द्यावी लागते, हा धडा एडमंटनकरांना फार पूर्वी मिळाला. जानेवारी १९२९मध्ये वॉप मे आणि व्हिक हॉर्नर इथून उघड्या कॉकपिटच्या छोट्या विमानातून घटसर्पावरचं अँटीटॉक्सिन घेऊन उत्तरेला फोर्ट व्हर्मिलियनकडे गेले. त्या काळचे उत्तरेकडचे वैमानिक रात्री उतरल्यावर इंजिनातलं ऑइल काढून घ्यायचे आणि सकाळी चुलीवर तापवून परत ओतायचे. मोटारींसाठी सोपा उपाय नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी काढला. इंजिनाच्या डोक्याचा एक बोल्ट काढून त्याच्या जागी आतून तापणारा बोल्ट घालायचा, अशी ती युक्ती होती. तिचं पेटंट १९४९चं.

आता निवडीबद्दल. दुकानात पाच-सहा प्रकार टांगलेले असतात आणि सगळ्यांवर 'ब्लॉक हीटर' असंच लिहिलेलं असतं, तिथे फसगत होते. इंजिनाचा ब्लॉक ओतीव असतो. त्याच्या बाजूला ओतकामाची गोल भोकं राहतात, ती पातळ धातूच्या झाकणांनी बुजवलेली असतात. त्यातलं एक झाकण काढून तिथे तापणारी कांडी बसवायची, ती थेट कूलंटमध्ये बुडते. गरम कूलंट वर जातं, गार खाली येतं, आणि पंप न चालवताही पूर्ण ब्लॉक हळूहळू उबदार होतो. माझं मत याच प्रकाराला. काही नव्या इंजिनांत कांडी ब्लॉकच्या कोरड्या खोबणीत बसते, तीही चांगली. रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये बसणारा हीटर काम करतो, पण होज कापावा लागतो, दोन जागी क्लॅम्प येतात आणि गळतीच्या जागा वाढतात. ब्लॉकपर्यंत पोचायला जागाच नसेल तर ऑइल पॅनला बाहेरून चिकटवायचा सिलिकॉनचा पॅड घ्यावा, तो निदान ऑइल तरी गरम करतो. लोहचुंबकाचा पॅड ॲल्युमिनियमच्या पॅनला चिकटतच नाही. आणि डिपस्टिकच्या जागी घालायची ती गरम सळई स्वस्त असते, पण थोडंसं ऑइल एकाच जागी तापवते. माझ्या मते ती घेऊच नये.

वॉटच्या बाबतीत हाव नको. लहान गाडीला ४०० वॉटच्या आसपासचा हीटर पुरतो, मोठ्या डिझेल पिकअपला ७५० ते १००० लागतो. कंपनीने आपल्या इंजिनासाठी दिलेला पार्ट नंबर शोधावा. शेजाऱ्याच्या गाडीला बसला म्हणून आपल्याला बसेल, असं नसतं.

हे काम घरच्या ड्राइव्हवेवर करावं का, यावर आमच्या गप्पांत दोन तट पडतात. मी मेकॅनिककडे द्या म्हणणाऱ्यांतला आहे. काम फार अवघड नाही, पण एका चुकीची किंमत इंजिनाएवढी आहे. आधी गार इंजिनातलं कूलंट काढायचं. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, त्यामुळे कुत्र्या-मांजराच्या वाटेत ठेवायचं नाही आणि गटारात ओतायचं नाही. झाकण काढल्यावर भोकाची कड स्वच्छ पुसायची, तिथे गंज किंवा खरवड राहिली की ओ-रिंग गळणार. कांडी आतल्या भिंतीला टेकता कामा नये, तिचं तोंड कुठे हवं हे कागदावर दिलेलं असतं. मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट भरायचं, आतली हवा काढायची, इंजिन चालवून गळती पाहायची, आणि हे सगळं झाल्यावरच प्लग लावायचा. 'चालतोय का बघू' म्हणून रिकाम्या ब्लॉकमध्ये वीज सोडली की कांडी जळते. साधं पन्नास-पन्नास मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं, म्हणून मेकॅनिककडून त्याचं प्रमाण मोजून घ्या.

वायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. एक्झॉस्ट, पंखा, स्टिअरिंग यांच्यापासून ती लांब न्यावी, केबल टायने बांधावी, पण ब्रेकच्या नळीला नाही. पुढच्या जाळीतून बाहेर येणाऱ्या टोकाला टोपी हवी, नाहीतर रस्त्यावरचं मीठ एका हिवाळ्यात पिना खाऊन टाकतं. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर वापरायची, तीन पिनांची, निदान १४ गेजची घ्यावी. दिवाळीच्या माळांची पातळ वायर इथे चालणार नाही. हात लावून गरम लागली तर ती कमी पडते आहे.

हीटर चालू आहे की नाही हे प्लग लावल्यावर कळतं. आजूबाजूला शांतता असेल तर बॉनेटशी कान नेला की मंद सळसळ ऐकू येते. ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे त्याने प्लगच्या दोन चपट्या पिनांवर ओहम मोजावेत. १२० व्होल्टवर ४०० वॉट म्हणजे ३६च्या आसपास आकडा यायला हवा. काहीच दाखवत नसेल तर कांडी किंवा वायर तुटली आहे. हे ऑक्टोबरात तपासायचं, उणे ३५च्या सकाळी नाही.

रिमोटवाल्यांचं म्हणणंही ऐकू. गाडीत बसल्यावर सीट गरम हवी, काच मोकळी हवी, यात गैर काही नाही, आणि चावी आत ठेवून गाडी चालू सोडण्यापेक्षा रिमोट नक्कीच बरा. कॅलगरीचे पोलीस दर हिवाळ्यात 'ऑपरेशन कोल्ड स्टार्ट' नावाची मोहीम काढतात, ती अशा चालू सोडलेल्या गाड्या चोरीला जातात म्हणूनच. पण रिमोट इंजिनाला गोठलेल्या अवस्थेतच सुरू करतो. झीज जिथे होते तो क्षण तो टाळत नाही, फक्त तुम्ही घरात असताना उरकतो. बॅटरी हरली तर बटण दाबून काही होत नाही. आधी हीटरने ब्लॉक उबदार असेल तर रिमोटने पाच मिनिटांत जे साधतं, ते नुसत्या रिमोटला वीस मिनिटांतही साधत नाही. उणे २० अंशांत ब्लॉक हीटरने इंधन दहा टक्क्यांपर्यंत वाचू शकतं, असं कॅनडाचं नैसर्गिक संसाधन खातंच सांगतं.

"आमच्याकडे गॅरेज आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी नऊ तास कुठे उभी असते?

आणि टायमर. हीटर घेतो पण टायमर घेत नाही, असे आपल्यात पुष्कळ आहेत. रात्री आठला प्लग लावायचा आणि सकाळी सातला काढायचा, हा अनेकांचा शिरस्ता. त्यात ४०० वॉटचा हीटर अकरा तासांत जवळपास साडेचार युनिट खातो. इंजिन दोन-तीन तासांत जेवढं तापायचं तेवढं तापतं, त्यापुढची वीज अंगणातली हवा गरम करते. पहाटे चारला सुरू होणारा टायमर लावला तर सव्वा युनिटात काम होतं. शंभर रात्रींचा हिशेब केला तर तीनशे युनिटांहून जास्त वाचतात, म्हणजे टायमरची किंमत पहिल्याच हिवाळ्यात सुटते.

यात फक्त आपल्या बिलाचा प्रश्न नाही. शनिवार, १३ जानेवारी २०२४ची संध्याकाळ आठवून पाहा. संक्रांत दोन दिवसांवर, बाहेर उणे चाळीसच्या आसपास, आणि सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. अल्बर्टाच्या वीजजाळ्यावर इतका ताण होता की फिरतं भारनियमन टाळण्यासाठी सरकारने आणीबाणीचा संदेश धाडला. अनावश्यक दिवे बंद करा, मोठी यंत्रं नंतर चालवा, इलेक्ट्रिक गाड्या आणि ब्लॉक हीटर लगेच प्लगला लावू नका. लोकांनी ऐकलं आणि काही मिनिटांत मागणी सुमारे दोनशे मेगावॉटने उतरली. नंदुरबारहून आलेल्या माणसाला भारनियमनाचं नवल नाही, पण उणे चाळीसमध्ये घराची भट्टी बंद पडण्याची कल्पना त्यालाही करवणार नाही. संध्याकाळी सहा-सातला मागणी शिखरावर असते, आणि आपल्यातले बरेच जण कामावरून येऊन नेमके तेव्हाच प्लग लावतात. ज्याच्याकडे टायमर होता त्याला त्या संध्याकाळी काही करावं लागलं नाही, त्याचा हीटर पहाटेपर्यंत बंदच होता.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी भाड्याचा करार करतानाच विचारावं की पार्किंगच्या खांबावर प्लग आहे का आणि तो चालू असतो का. काही ठिकाणी वीज थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशी आळीपाळीने सोडतात. टेस्टर विझलेला दिसला म्हणून लगेच मालकाशी भांडू नका, अर्ध्या तासाने परत पाहा.

आपल्या इथल्या मंडळाच्या समितीकडे माझ्या दोन मागण्या आहेत. नवीन येणाऱ्यांना आपण जी माहिती पाठवतो, त्यात जॅकेट कुठे घ्यावं आणि तूरडाळ कुठे मिळते हे सविस्तर असतं. त्यात गाडीच्या मजकुराची सुरुवात ब्लॉक हीटरपासून करा, आणि त्याची अपॉइंटमेंट ऑक्टोबर संपायच्या आत घ्यायची हेही लिहा, कारण पहिल्या कडाक्याच्या थंडीत चांगल्या गॅरेजांत आठवडाभर नंबर लागत नाही. दुसरी मागणी संक्रांतीच्या हॉलची. हळदीकुंकू, मुलांचे नाच, जेवण आणि दारात उभं राहून मारलेल्या गप्पा धरून आपला कार्यक्रम पाच तासांच्या खाली कधी आलेला नाही. उणे ३५मध्ये तेवढ्यात इंजिन पार गार होतं. पुढच्या वर्षीचा हॉल ठरवताना भाडं आणि स्वयंपाकघर बघाल, तेव्हा पार्किंगमध्ये प्लगचे खांब किती आहेत तेही मोजून या, आणि लहान मुलं व म्हातारी माणसं घेऊन येणाऱ्यांना त्या जागा राखून ठेवा.