ओपन-ओसीडी: चिपमध्ये डोकावणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचं पुढे काय?

शिवाजी पार्कहून दादर स्टेशन गाठा, लोकलने ग्रँट रोडला उतरा, की लॅमिंग्टन रोड आलाच. तिथून आणलेल्या बोर्डवर प्रोग्रॅम अडकला की अनेक विद्यार्थी ओपन-ओसीडी वापरतात. ते चालू प्रोसेसर मध्येच थांबवतं, मेमरीत काय आहे ते दाखवतं. 2005 च्या सुमारास जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये डॉमिनिक राथ यांच्या पदविका प्रबंधातून ते जन्मलं.

अडचण गतीची आहे. 0.10 आवृत्ती जानेवारी 2017 मध्ये आली, 0.11 थेट मार्च 2021 मध्ये! चिप कंपन्या एवढं कशाला थांबतील? एस्प्रेसिफने ईएसपी32 साठी स्वतःची वेगळी प्रत काढली, रिस्क-व्हीवाल्यांनी आपली. दोन बोर्ड वापरायचे तर दोन प्रती सांभाळा. जानेवारी 2023 च्या 0.12 मध्ये ईएसपी32 चा बराच आधार मूळ प्रकल्पात आला, हे बरं झालं.

आमच्या मते पुढच्या आराखड्यात नव्या सोयींआधी हेच काम हवं. त्यासाठी आलेला कोड तपासणारी माणसं लागतात. सी-डॅकचे वेगा प्रोसेसरही रिस्क-व्हीवरच आहेत, म्हणजे त्या तपासणीत आपल्याकडच्या अभियंत्यांचाही स्वार्थ आहे.