वरच्यांनी खालच्याला विचारलंच नाही



मध्यंतरी मुलाकडे मुंबईला गेलो होतो. आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोने गिरगावच्या खालून प्रवास केला. वर जुन्या चाळी, दुकानं, संसार. मुलगा सांगत होता, यंत्र खोदत पुढे सरकतं, मागे लगेच काँक्रीटची कडी बसते, कडी आणि खडकातली फट भरली जाते. वरच्या भिंती कलतात का, तडे वाढतात का, यावर मापकं लावून लक्ष ठेवतात. लोकांना त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण खालच्याला वरच्याचा हिशेब ठेवावा लागला.

आपल्या बुऱ्हाणपुरात उलटं आहे. इथे भुयार आधीचं, आपण नंतरचे. आणि हिशेब कोणीच ठेवत नाही.

कुंडी भंडारा 1615 चा, खानखाना अब्दुल रहीम यांच्या काळातला. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी भुयारात धरून नुसत्या उतारावर शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. हवा-उजेड आणि सफाईसाठी वर शंभराहून जास्त कुंड्या.

"आमची जागा, आमचा बोअर" असं आपण छातीठोक म्हणतो. अहो, भुयारात येतं ते आजूबाजूच्या जमिनीत मुरलेलं पाणी. ती जमीन उपसली तर भुयाराची एक वीटही न हलता ते कोरडं पडेल. बँकेच्या भाषेत सांगतो, हे संयुक्त खातं आहे. एकाने सगळी रक्कम काढायची आणि वर म्हणायचं, मी फक्त माझीच काढली!

मीही यातलाच. नोकरीत बोअरची कितीतरी कर्जं मंजूर केली. खसरा पाहिला, जामीनदार पाहिला, जमिनीखाली काय आहे ते एकदाही विचारलं नाही. पुढे स्वतःच्या अंगणातही बोअर मारला. सौ. तेव्हाच म्हणाली होती, "नळाला पाणी येतंय की, मग हे कशाला?" मी हसण्यावारी नेलं.

2024 मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पुढे पाठवले. अभिमानाने पाणी मुरत नाही, मंडळी. भुयाराच्या पट्ट्यात नवे बोअर नकोत, कुंड्यांच्या तोंडाशी राडारोडा नको, गच्चीचं पाणी गटारात नको. एवढं तरी आपल्या हातात आहे ना?

यंदा पावसाळ्याआधी मी बोअरची मोटर काढली आणि गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. उशीर झाला, कबूल. तुमच्या अंगणात काय चाललंय?