ब्राउझर कुणाच्या बाजूचा?

अ‍ॅडब्लॉकर हे ब्राउझरला जोडायचे छोटे एक्स्टेन्शन आहे. ते काय करते हे समजण्यासाठी पान उघडते कसे, ते आधी पाहावे लागते. वर्तमानपत्राचे पान उघडताना बातमी त्या पत्राच्या सर्व्हरवरून येते, छायाचित्रे दुसरीकडून येतात, व्हिडिओ तिसरीकडून, आणि त्याच वेळी जाहिरात कंपन्यांच्या सर्व्हरकडे अनेक मागण्या सुटतात. वाचकाची नजर मथळ्यावर पडायच्या आत पानावरच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव उरकलेला असतो. हा वाचक कोणत्या गावचा, कोणता फोन वापरणारा, त्याने काल काय शोधले, याच्या अंदाजावर बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात चौकटीत येऊन बसते. अ‍ॅडब्लॉकर या मागण्या ब्राउझरच्या बाहेर पडण्याआधीच अडवतो. जाहिरात आली आणि मग झाकली, असे होत नाही. बहुतेक वेळा ती मागवलीच जात नाही. त्यामुळे डेटा वाचतो, पान लवकर उघडते आणि वाचकाची नोंद ठेवणारे सर्व्हर रिकाम्या हाताने राहतात.

ही कल्पना जुनी आहे. २००२ मध्ये हेन्रिक आस्टेड सोरेनसन या डॅनिश विद्यार्थ्याने पहिले ‘अ‍ॅडब्लॉक’ लिहिले. ते ज्या फायरफॉक्ससाठी होते, तो ब्राउझर तेव्हा ‘फिनिक्स’ या नावाने ओळखला जात होता. पुढे व्लादिमीर पालांतचे ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ आले आणि २०१४ मध्ये रेमंड हिल यांनी ‘यूब्लॉक’ लिहायला घेतले. आज ते ‘यूब्लॉक ओरिजिन’ या नावाने चालते. हिल त्यासाठी देणगीही घेत नाहीत. या सगळ्यांचा खरा आधार म्हणजे स्वयंसेवकांनी जपलेल्या याद्या. कोणत्या पत्त्यावरून जाहिरात येते, कोणत्या पत्त्यावरून पाळत ठेवली जाते, याची नोंद ‘इझीलिस्ट’सारख्या याद्यांत होते आणि ती सतत दुरुस्त होत राहते. भारतीय भाषांतल्या संकेतस्थळांसाठी ‘इंडियनलिस्ट’ नावाची वेगळी यादी आहे. मराठी संकेतस्थळावरची आगंतुक चौकट नाहीशी होते, तेव्हा कुणीतरी बसून ती ओळ यादीत घातलेली असते. हे काम फुकट आणि बिनबोभाट चालते, आणि त्याची कदर फार थोड्यांना आहे.

क्रोममध्ये अ‍ॅडब्लॉकरचे काम ‘वेबरिक्वेस्ट’ नावाच्या सोयीवर चालत असे. प्रत्येक मागणी बाहेर पडण्यापूर्वी ब्राउझर एक्स्टेन्शनला विचारायचा: ही जाऊ द्यायची, अडवायची, की बदलायची? निर्णय एक्स्टेन्शन त्या क्षणी घ्यायचे. म्हणजे तो अधिकार वाचकाने नेमलेल्या प्रणालीकडे होता. २०१८ च्या अखेरीस गूगलने एक्स्टेन्शनांसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही३’ ही नवी नियमावली मांडली आणि तीत सर्वसामान्य वापरणाऱ्यांसाठी हा अधिकार काढून घेतला. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनने आपले नियम आधीच लिहून ब्राउझरच्या हवाली करायचे. प्रत्यक्ष अडवायचे की नाही ते ब्राउझर स्वतः, त्याने घालून दिलेल्या मर्यादेत ठरवतो. एका एक्स्टेन्शनला हमखास मिळणाऱ्या स्थिर नियमांची संख्या ३० हजार आहे. त्यावर सर्व एक्स्टेन्शनांत मिळून वाटून घ्यायचा तीन लाखांचा सामाईक कोटा आहे.

खालापूर तालुक्यातल्या चौक या गावाच्या परिसरात हा फरक सांगायला फार लांब जावे लागत नाही. धावरी नदीवरचे मोरबे धरण इथून जवळच आहे. जमीन इथली, पाऊस इथला, पण धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आणि पाणी केव्हा, किती सोडायचे ते तीच ठरवते. नव्या नियमावलीत वाचकाच्या संगणकाचेही तसेच झाले आहे. यंत्र त्याचे, डेटाचे पैसे त्याचे, पण दरवाजाची कळ ब्राउझर बनवणाऱ्याच्या हाती.

अंमलबजावणीला बराच वेळ लागला. जानेवारी २०२२ पासून क्रोमच्या दुकानात जुन्या पद्धतीची नवी एक्स्टेन्शने घेणे बंद झाले. जुनी बंद करण्याची मुदत टीकेमुळे पुढे ढकलली गेली. जून २०२४ मध्ये चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नेहमीच्या क्रोममध्ये जुनी एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद पडू लागली आणि २०२५ च्या मध्यावर उरलीसुरली सवलतही संपली. क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन वापरणाऱ्यांची संख्या तोवर तीन कोटींच्या वर होती. त्यांतल्या पुष्कळांना एके सकाळी ‘हे एक्स्टेन्शन आता चालत नाही’ एवढीच सूचना मिळाली. वर्षानुवर्षे सवयीचे झालेले संरक्षण निघून गेले.

गूगलची बाजू पोकळ नाही. प्रत्येक मागणी पाहू आणि बदलू शकणारे एक्स्टेन्शन चुकीच्या हाती पडले तर बँकेच्या पानापासून पत्रव्यवहारापर्यंत सगळे त्याच्यासमोर उघडे असते. लोकप्रिय एक्स्टेन्शन विकत घेऊन त्यात चोरीचा कोड घुसवल्याची उदाहरणे घडली आहेत. नव्या नियमावलीत बाहेरून कोड आणून चालवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आधी लिहून दिलेले नियम ब्राउझरने स्वतः चालवले तर काम वेगाने होते, हाही दावा मान्य करता येतो. अ‍ॅपलने सफारीत २०१५ पासून अशाच धर्तीची पद्धत ठेवली आहे.

मात्र दोन गोष्टी या स्पष्टीकरणात बसत नाहीत. पहिली अशी की नव्या नियमावलीतही मागण्या नुसत्या पाहण्याची सोय कायम आहे. काढली गेली ती अडवण्याची. हेरगिरी करू पाहणाऱ्या एक्स्टेन्शनला पाहणे पुरते. अडवणे लागते ते संरक्षण करणाऱ्याला. दुसरी अशी की कंपनीच्या व्यवस्थापकाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर धोरण म्हणून बसवलेल्या एक्स्टेन्शनांना अडवण्याचा तो जुना अधिकार नव्या नियमावलीतही ठेवलेला आहे. कंपनीच्या संगणकावर जे सुरक्षित, ते घरच्या संगणकावर धोक्याचे कसे ठरते, याचे पटणारे उत्तर मिळत नाही.

म्हणून क्रोम बनवणाऱ्या कंपनीच्या धंद्याकडे पाहणे भाग पडते. २०२४ मध्ये गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचे उत्पन्न ३५० अब्ज डॉलर होते आणि त्यातले सुमारे २६५ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. जगातला सर्वांत मोठा जाहिरात विक्रेता आणि जगातल्या सुमारे दोन तृतीयांश वापराचा ब्राउझर एकाच घरात आहेत. हेतू काय होता, हे कागदावर सिद्ध झालेले नाही. पण हितसंबंध एवढा उघड असताना ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे उत्तर पुरत नाही. या कंपनीच्या बाजारातल्या ताकदीबद्दल नियामकांनाही शंका आली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या प्रकरणातल्या मुद्द्यांत फोनबरोबर क्रोम आधीच बसवून देण्याचा मुद्दाही होता. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेतली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. सरकारी पक्षाने क्रोम विकायला लावण्याची मागणी केली, पण सप्टेंबर २०२५ च्या निकालात ती मान्य झाली नाही.

चौकमध्ये हा प्रश्न दोन ठिकाणी दोन रूपांत येतो. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरचे हे गाव आता पनवेल–कर्जत रेल्वेवरचे स्थानकही आहे. इथला नेटचा वापर, देशातल्या बहुतेक गावांसारखाच, मुख्यतः अँड्रॉइड फोनवरचा. आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवायची सोय कधी दिलीच गेली नाही. म्हणजे संगणकवाल्यांचे जे २०२५ मध्ये गेले, ते फोनवाल्यांना मुळात मिळालेलेच नव्हते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमधून आपोआप चालू होणाऱ्या जाहिरातींचे व्हिडिओ किती डेटा खातात, याचा हिशेब कुणी मागत नाही. इर्शाळगडाच्या बाजूला डोंगराच्या आडोशाने रेंज एका काडीवर आली, की त्याच जाहिराती मूळ मजकुराची वाट अडवून बसतात.

दुसरे ठिकाण म्हणजे दाखले काढून देणारे सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, पतसंस्थेची कचेरी. तिथे संगणक आहे, त्यावर बहुधा क्रोम आहे, आणि त्यावर गावातल्या शंभर जणांचे आधार क्रमांक, सातबारे आणि निकाल उघडले जातात. अशा संगणकावर अ‍ॅडब्लॉकर असणे ही चैन नव्हे. सरकारी सेवेचे नाव टाकून शोधल्यावर वर येणारी सशुल्क जाहिरात, पीडीएफच्या शेजारी रंगवलेले खोटे ‘डाउनलोड’ बटण, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे ओरडणारी चौकट, हे फसवणुकीचे नेहमीचे दरवाजे आहेत. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये शोधताना अ‍ॅडब्लॉकर वापरा, असा सल्ला नागरिकांना दिला तो यासाठीच. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत नमूद केलेल्या तेरा प्रकारांत मजकुराचा वेश घेतलेली जाहिरात हाही एक आहे. तत्त्वे चांगली आहेत, पण चुकीचे बटण दाबले जाते त्या क्षणी ती स्क्रीनवर हजर नसतात. अ‍ॅडब्लॉकर हजर असतो.

पर्याय कोणते? क्रोमवरच राहायचे असेल तर हिल यांनीच नव्या नियमावलीनुसार तयार केलेले ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ घेता येते. साध्या जाहिराती ते व्यवस्थित अडवते. मात्र याद्यांतले बदल एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच येतात, त्यामुळे रोज रूप बदलणाऱ्या जाहिरातींपुढे ते मागे पडते आणि बारकाईने नियम लावणाऱ्याला अपुरे वाटते.

फायरफॉक्सने जुनी आणि नवी दोन्ही पद्धती चालू ठेवल्या आहेत आणि अडवण्याचा अधिकार एक्स्टेन्शनकडे राहू दिला आहे. मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालते, आणि चौकच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही चालते. फोनवर वाचणाऱ्यासाठी हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. एक काळजीची बाब मात्र आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येते, गूगलची शोधसेवा मूळ पर्याय म्हणून ठेवल्याबद्दल. स्वतंत्र ब्राउझरचा खर्चही त्याच तिजोरीतून निघतो, ही या क्षेत्राची दुखरी जागा आहे.

एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे गूगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियम या मूळ कोडवर उभे आहेत. त्यामुळे तिथला बदल उशिरा का होईना, त्यांच्यापर्यंत पोहोचतो. ब्रेव्हने यातून वाट काढली ती जाहिरात अडवण्याची यंत्रणा एक्स्टेन्शन म्हणून न ठेवता ब्राउझरच्या आतच बांधून. ऑपेरानेही २०१६ पासून तसे केले आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली होती. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला आणि झोहोच्या ‘उला’ला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. उलामध्येही जाहिरात अडवण्याची सोय आतच आहे, पण पाया क्रोमियमचाच. स्वदेशी म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवे.

ब्राउझर न बदलताही एक उपाय करता येतो. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असा पर्याय आहे. अ‍ॅडगार्डसारख्या जाहिरात गाळणाऱ्या सेवेचा पत्ता तिथे भरला, की ओळखीच्या जाहिरात सर्व्हरचे पत्तेच फोनला सापडत नाहीत, आणि अ‍ॅपमधल्या पुष्कळ जाहिरातीही थांबतात. यूट्यूबवर मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात. तिथला अधिकृत मार्ग म्हणजे सशुल्क सदस्यत्व. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात त्याचा वैयक्तिक मासिक दर १२९ वरून १४९ रुपये झाला.

जाहिरात अडवल्याने लिहिणाऱ्याचे उत्पन्न बुडते, हा आक्षेप गंभीर आहे आणि मराठीच्या बाबतीत तर अधिकच. मराठी वाचक ऑनलाइन मजकुरासाठी क्वचितच पैसे मोजतो, आणि जाहिरात हाच बहुतेक संकेतस्थळांचा मुख्य आधार आहे. पण जाहिरातीचा आणि मराठी वाचनाचा संबंध वैराचा कधीच नव्हता. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजवर ही परंपरा जाहिरातींच्या बळावर टिकली आहे. सराफाची, अगरबत्तीची, सहकारी बँकेची पाने उलटत लोक कथेपर्यंत पोहोचतात आणि कुणाची तक्रार नसते. कारण अंकातली जाहिरात वाचक कोण हे विचारत नाही, त्याच्या मागे घरापर्यंत येत नाही, आणि कथेच्या मधल्या ओळीवर उडी मारून बसत नाही. लोक अडवतात ती पाळत आणि दांडगाई. संकेतस्थळांनी तशाच शांत, स्थिर, पाळत न ठेवणाऱ्या जाहिराती थेट स्थानिक व्यावसायिकांकडून घेतल्या, तर अडवण्याचे कारणच पुष्कळ कमी होईल. जे संकेतस्थळ रोज वाचले जाते, तेवढ्यापुरता अ‍ॅडब्लॉकर बंद ठेवण्याची सोय यूब्लॉकच्या मोठ्या बटणात आहे, आणि ती वापरली पाहिजे.

ब्राउझर बदलणे वाटते तेवढे अवघड नाही. संगणकावर नवा ब्राउझर पहिल्यांदा उघडताना जुन्यातले बुकमार्क आणि पासवर्ड आणायचे का, ते विचारतो. यूब्लॉक बसवल्यावर त्याच्या याद्यांच्या पानावर ‘इंडियनलिस्ट’समोर खूण करावी. फोनवर सेटिंगमध्ये जाऊन नवा ब्राउझर ‘डीफॉल्ट’ करावा लागतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक क्रोममध्येच उघडत राहते. सेवा केंद्राच्या संगणकावर मात्र क्रोम लगेच काढून टाकू नये. डिजिटल स्वाक्षरी लागणारी सरकारी पोर्टले नव्या ब्राउझरवर चालतात का, ते आधी एकेक करून पाहावे. तोवर अर्ज भरायला जुना आणि शोधायला-वाचायला नवा, असे दोन्ही ब्राउझर शेजारी ठेवून काम करता येते.